पहाटे पाचला उठणारं आदर्श उत्तर

हसणार नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो. तुम्ही कबूल करणार आणि तरीही हसणार हे मला माहीत आहे, तेव्हा निदान तोंडातला चहा आधी गिळून टाका. खालचा गालिचा सुनेचा आहे आणि तिनं तो गेल्याच आठवड्यात धुऊन आणलाय.

तर मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. कराडजवळच्या एका हायस्कूलमध्ये, पाचवी ते दहावी. पोरगं काळ चुकलं तर माझी छडी चुकत नसे. 'ही', 'शी', 'इट' आलं की क्रियापदाला 'एस' लावायचा, हे अर्ध्या तालुक्याला मी शिकवलं. आजही तिथल्या बाजारात कुणी ना कुणी वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, सर, तुमच्यामुळे पास झालो. अशा माणसाची इंग्रजीत फजिती व्हावी कुठे? तर कॅनडात. आणि तीही साध्या वर्तमानकाळात, सिंपल प्रेझेंट टेन्समध्ये, पहिल्या धड्यात असतो तो. पूर्ण भूतकाळात वगैरे झाली असती तर मला इतकं लागलं नसतं.

दोन हजार सतराचा हिवाळा होता. मुलानं आम्हा दोघांना स्पॉन्सर करून मिसिसागाला आणलं, त्याला सहा-सात महिने झाले होते. कंडोचा अठरावा मजला. खिडकीतून विमानं उतरताना दिसायची, बाकी काही घडायचं नाही. मुलगा-सून सकाळीच ऑफिसला, नात शाळेत. बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक पार्टी रूम होती. तिथं पार्टी कुणी करत नसे, म्हणून आम्ही चार-पाच मराठी म्हातारे जमायचो. त्यातले दोघे या गोष्टीत आहेत.

एक निकम. जन्मभर एस.टी.त वाहतूक नियंत्रक. स्टँडवरच्या माइकवरून इतकी वर्षं गाड्या पुकारल्या, की अजूनही साखर मागायची तरी पुकारल्यासारखी मागतात.

दुसऱ्या सुमनताई. आमच्या कराडच्याच. नवरा लवकर गेला, तेव्हा या बाईनं खानावळ काढली आणि बावीस वर्षं चालवली. कॉलेजची पोरं यायची, एका वेळेला चाळीस पानं उठायची. त्यावर मुलगा इंजिनिअर केला. आणि त्या मुलानं आईला इथं आणलं, आता तू आराम कर म्हणून. आराम कसा करतात हे सुमनताईंना कुणी शिकवलेलंच नव्हतं. घरात माणसं चार, त्यातली तिघं दुधातलं सीरियल आणि सॅलड खाणारी. पोळ्या लाटायला घेतल्या की सून प्रेमानं म्हणायची, आई, कशाला त्रास घेता. त्या एका वाक्याचा त्यांना जेवढा त्रास व्हायचा तेवढा चाळीस पानांचा कधी झाला नव्हता.

एक दिवस त्या हातात एक कागद घेऊन खाली आल्या. जवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी दुपारचं जेवण बनतं, तिथल्या किचनमध्ये मदतनीस हवे होते. त्यासाठी सहा आठवड्यांचा फुकट कोर्स. अट एकच, बोलण्याच्या इंग्रजीत लेव्हल चार पाहिजे. तोंडी परीक्षा सेंटरमध्येच. कोर्सच्या बारा जागांपैकी एक उरली होती आणि मुदत संपायला दहा दिवस होते.

"सर, मला तेवढं चार लेव्हलपुरतं बोलायला शिकवा," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी ह्या घरात बसून बसून वाळून जाईन बघा."

आता मला सांगा, सहा महिने ज्याला कुणी काही विचारलं नाही, त्या मास्तराला असं कुणी म्हणालं तर त्याचं काय होईल? माझी छाती इतकी फुगली की स्वेटरचं बटण तुटायचं राहिलं. मी म्हटलं, सुमनताई, तुमची लेव्हल चार माझ्याकडे लागली. उद्यापासून आमच्या घरी रोज अकरा वाजता. त्याआधी मला जमत नाही.

माझी शिकवायची पद्धत तुम्हाला माहीतच असेल, कारण तुम्हालाही कुणीतरी तसंच शिकवलंय. आधी पेपर कसा येतो ते काढायचं, मग महत्त्वाचे प्रश्न काढायचे, मग प्रत्येकाचं आदर्श उत्तर पोरांना लिहून द्यायचं आणि घोकून घ्यायचं. मी चार फोन फिरवले. परीक्षा देऊन आलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं, फार काही नसतं हो, तुमचा रोजचा दिवस कसा जातो ते विचारतात.

रोजचा दिवस! म्हणजे साधा वर्तमानकाळ. मला भरूनच आलं.

पहिल्या दिवशी मी काळाचे उपयोग समजावून सांगितले. जे रोज करतो, त्याला साधा वर्तमानकाळ. जे त्रिकालाबाधित सत्य असतं, त्यालाही साधा वर्तमानकाळ, जसं की सूर्य पूर्वेला उगवतो. खिडकीबाहेर आठ दिवस सूर्यच दिसला नव्हता, पण सत्य ते सत्य. आणि वेळापत्रकालाही तोच, बस साडेसहाला सुटते. निकम तोवर चहाच्या वासानं येऊन बसलेले. ते म्हणाले, सर, आमच्या स्टँडवर हा काळ चालला नसता. मी त्यांना गप्प बसवलं.

मग मी वहीत ते उत्तर लिहून दिलं. हे उत्तर माझं खास. चौतीस वर्षं शेकडो पोरांनी परीक्षेत हेच लिहिलं आणि दहापैकी आठ घेतले. मराठी अक्षरांत देतो, म्हणजे तुम्हालाही घोकता येईल. "आय गेट अप अर्ली इन द मॉर्निंग ॲट फाइव्ह. आय ड्रिंक अ ग्लास ऑफ मिल्क. आय वॉटर द प्लँट्स इन अवर गार्डन. आय रीड द न्यूजपेपर टू माय ग्रँडफादर. आय ऑलवेज ओबे माय एल्डर्स. आय नेव्हर टेल अ लाय."

सुमनताईंनी वाचलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या म्हणाल्या, सर, मला दूध आवडत नाही. आजोबा जाऊन पन्नास वर्षं झाली. आणि बाग कुठली, आमची बाल्कनी बर्फानं भरलीय.

मी हसलो. नवशिक्या विद्यार्थ्याला मास्तर जसा हसतो तसा. म्हटलं, अहो, परीक्षेत आपलं खरं सांगायचं नसतं. घरात खरंच काय चालतं ते अजिबात बोलायचं नाही. उत्तरात आहे तेवढंच बोलायचं. खरं लिहून आजवर कुणाला मार्क मिळालेत?

"पण रोज जे करतो त्याला हा काळ म्हणालात ना?" सुमनताई म्हणाल्या. "मग हे रोज कोण करतं?"

"उमेदवार करतो," मी म्हटलं.

स्वयंपाकघरातून माझी बायको मंगल म्हणाली, उमेदवार करत असेल, पण उत्तर लिहिणारा नऊला उठतो. तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. चाळीस वर्षं नाही दिलं, म्हणून तर संसार टिकलाय.

दहा दिवस घोकंपट्टी चालली. सुमनताई पोळ्या लाटताना म्हणायच्या, धुण्याच्या घड्या घालताना म्हणायच्या. ऐकून ऐकून निकमांचंही पाठ झालं, तेव्हा ते म्हणाले, मीही देतो परीक्षा, फुकटच आहे. मग मी मंगललाही बसवलं. ती नको म्हणत होती, पण म्हटलं एवढं तयार उत्तर वाया कशाला घालवायचं. आणि मीही नाव दिलं. माझा बेत वेगळा होता. सगळ्यात वरची लेव्हल घ्यायची आणि तिथंच इंग्रजीचा स्वयंसेवक शिक्षक म्हणून लागायचं. पुन्हा फळा, पुन्हा खडू. हे मी कुणाला बोललो नव्हतो. खरं सांगायचं तर मला शाळेची फार आठवण येत होती.

परीक्षेच्या दिवशी उणे अठरा तापमान होतं. आम्ही चौघं बसनं गेलो. सेंटरच्या पॅसेजमध्ये खुर्च्यांची रांग होती, तिच्यावर जगातल्या सगळ्या देशांची माणसं बसलेली, आणि समोर परीक्षेची खोली. खोली कसली, एका हॉलला मधे पार्टिशन घातलेलं. आतलं अक्षर न् अक्षर बाहेर ऐकू येत होतं. मी मनात म्हटलं, बरंच झालं, कुणी अडखळलं तर कळेल. परीक्षक बाईंचं नाव कॅरल. साठीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, आवाज लोण्यासारखा.

पहिले निकम. बाईंनी विचारलं, तुमच्या रोजच्या दिवसाबद्दल सांगा. निकमांनी घसा साफ केला आणि स्टँडवर गाडी पुकारावी तसं एका दमात सगळं उत्तर पुकारलं. अखेरीला "आय नेव्हर टेल अ लाय" इतक्या जोरात आलं की रांगेतलं एक तान्हं बाळ दचकून उठलं.

बाई कौतुकानं म्हणाल्या, तुमचे आजोबा अजून आहेत? केवढे आहेत?

निकमांचं वय तेव्हा एकोणसत्तर. हा प्रश्न मी काढलेला नव्हता. मग निकमांचा आवाज आला, "ओल्ड. व्हेरी ओल्ड."

बाहेर येऊन त्यांनी मला डोळा मारला. म्हणाले, पेपर सोपा होता.

दुसरी मंगल. तिनंही तेच उत्तर म्हटलं, फक्त जरा रागानं. बाईंनी विचारलं, म्हणजे तुम्हीही पाचला उठता? येस. तुम्हीही झाडांना पाणी घालता? येस. या जानेवारीत, बाहेर? येस. आणि आजोबांना पेपर वाचून दाखवता? येस. तेच आजोबा का, आत्ता गेलेल्या गृहस्थांचे?

मंगलला एवढंच कळलं की उत्तर दोघांचं तेच आहे. ती म्हणाली, "सेम."

म्हणजे आता कॅरलबाईंच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असेल ते बघा. कुठंतरी एक घर आहे. तिथं एक सव्वाशे वर्षांचे आजोबा आहेत. तिथली म्हातारी माणसं पहाटे पाचला उठून, उणे अठरामध्ये, बर्फाला पाणी घालतात.

बाईंचा आवाज आणखी मऊ झाला. इंग्रजीत त्यांनी विचारलं, तुम्हाला पाचला उठायला कोण सांगतं?

आता मंगलबद्दल एक सांगायला हवं. घरात ती मला 'अहो' म्हणते, पण चारचौघांत माझा उल्लेख 'सर' असाच करते. चौतीस वर्षं दाराशी पोरं येऊन विचारायची, सर आहेत का, आणि ही सांगायची, सर झोपलेत. ती सवय तिच्या जिभेला लागलीय.

"सर," मंगल म्हणाली.

"सर कोण?"

"माय हजबंड."

"आणि तो या सगळ्यांनाच पाचला उठायला सांगतो?"

"येस. सर टेल, एव्हरीबडी रिपीट." आणि मग, देव तिचं भलं करो, तिला माझी सूचना आठवली. ती अगदी प्रामाणिकपणे म्हणाली की घरात खरं काय चालतं ते इथं बोलायचं नाही असं सरांनी बजावलंय.

आत पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. कॅरलबाई मंगलला घेऊन बाहेर आल्या, तिला एका वेगळ्या सोफ्यावर बसवलं, तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि कुणाला तरी फोन लावला. पाच मिनिटांत दुसऱ्या एक बाई आल्या, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. माझ्या शेजारच्या पंजाबी गृहस्थांनी हिंदीत माहिती पुरवली की घरात म्हाताऱ्या माणसांना कुणी त्रास देत असेल तर त्या बाई बघतात. मग त्यांनी मला विचारलं, आज किसका मामला है भाईसाब? मी म्हटलं, पता नहीं.

सुमनताईंचं नाव पुकारलं आणि त्या आत गेल्या तेव्हा समोर दोन बाया बसलेल्या. बाहेर मला कॅरलबाईंचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. काही बाबी आधी समजून घ्यायला लागतील, म्हणून आज लेव्हल देता येईलच असं नाही, काळजी करू नका. मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. म्हणजे माझ्या आदर्श उत्तरानं सुमनताईंचं किचन गेल्यात जमा होतं.

मला राहवलं नाही. उठलो, दार वाजवलं, आत डोकं घातलं आणि म्हटलं, "मॅडम, आय ॲम सर."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी घाईघाईनं खुलासा केला. या लोकांचा काही दोष नाही. दे ओन्ली रिपीट व्हॉट आय से. ऑल दिज सेंटेन्सेस आर माइन. यापेक्षा सोपा खुलासा मला सुचत नव्हता, आणि यापेक्षा वाईट खुलासा तुम्हालाही सुचणार नाही. वहीवाल्या बाईंनी ते सगळं लिहून घेतलं. कॅरलबाई म्हणाल्या, कृपा करून बाहेर बसा. मी बाहेर बसलो, आणि सेंटरचा एक सहा फुटी कर्मचारी काही न बोलता माझ्या शेजारी येऊन बसला. पंजाबी गृहस्थ तिसऱ्या खुर्चीवर सरकले.

आत वहीवाल्या बाईंनी सुमनताईंना अगदी हळुवार विचारलं, हा सर कसा माणूस आहे? तुम्ही मोकळेपणानं सांगा. इथं तुम्हाला काही भीती नाही.

सुमनताईंची अडचण मला बाहेर बसूनही कळत होती. आदर्श उत्तर म्हणावं तर सरांवर बालंट येतंय, न म्हणावं तर दुसरं उत्तरच नाही. बावीस वर्षं चाळीस पानं वाढलेली बाई ती. पोरगं उपाशी आणि पोळ्या संपलेल्या, असं कितीदा झालं असेल. त्यांनी तेव्हा जे केलं असेल तेच इथं केलं. घरात जे होतं ते काढून वाढलं.

"नो, नो. सर गुड मॅन," त्या म्हणाल्या. "सर नेव्हर गेट्स अप ॲट फाइव्ह. सर गेट्स अप ॲट नाइन."

पुढचं सगळं मी पंधरा देशांच्या माणसांसोबत ऐकलं. सर गेट्स अप ॲट नाइन. मॅडम मेक्स टी. सर ड्रिंक्स टी अँड लुक्स ॲट फोन. सर सेज, न्यूजपेपर इज नॉट कमिंग इन धिस कंट्री. टेन थर्टी, सर आस्क्स, इज देअर एनी मोअर टी? इलेव्हन ओ'क्लॉक आय कम. सर टीचेस. वन अवर सर इज व्हेरी हॅपी. देन सर इट्स. देन सर स्लीप्स. सर हॅज नो गार्डन. सर हॅज वन प्लँट. प्लँट इज प्लॅस्टिक.

रांगेत हशा पिकला. तो सहा फुटी माणूस छताकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. आणि मी? तुम्हाला खोटं वाटेल, पण लाज आणि अभिमान मला एकाच वेळी वाटत होता. कारण ऐका ना, एकही 'एस' चुकलेला नव्हता. गेट्स, मेक्स, ड्रिंक्स, लुक्स, स्लीप्स. चौतीस वर्षांत एवढी शुद्ध वाक्यं माझ्या वर्गात कुणी बोललं नव्हतं, आणि बोललं ते माझ्यावर.

आत दोन्ही बाया हसत होत्या. मग कॅरलबाईंनी विचारलं, बरं, आणि तुमचा दिवस?

सुमनताईंची गाडी आता सुटलेली होती. त्या म्हणाल्या, आय गेट अप फाइव्ह थर्टी, बट देअर इज नो वर्क. आय मेक चपाती. ग्रँडसन इट्स सीरियल. सन अँड डॉटर-इन-लॉ टेक सॅलड. दे आर गुड पीपल. चपाती गोज इन फ्रिज. इव्हिनिंग आय इट मॉर्निंग चपाती. एव्हरी डे.

आणि मग म्हणाल्या, "आय वाँट टू कुक फॉर हंग्री पीपल. इन माय हाऊस नोबडी इज हंग्री."

हसणं थांबलं होतं. मंगलनं पदरानं डोळे टिपले. रोज अकरा ते बारा ही बाई माझ्यासमोर बसत होती आणि मी तिला बागेतल्या झाडांना पाणी घालायला लावत होतो. हे सगळं तिच्याकडे होतं, आणि मी एकदाही विचारलं नाही. मास्तर म्हणून हे मला फार लागलं.

सुमनताई बाहेर आल्या त्या हातात कागद घेऊन. लेव्हल चार. तिथूनच त्या किचनच्या ऑफिसकडे अक्षरशः पळत गेल्या आणि शेवटची जागा नावावर करून आल्या. वहीवाल्या बाईंनी आपली वही मिटली. निकम आणि मंगल यांना मात्र पुढच्या महिन्यात पुन्हा यायला सांगितलं, तेही स्वतःचं उत्तर घेऊन.

राहिलो मी. आत गेलो. कॅरलबाई म्हणाल्या, बसा सर. वरच्या लेव्हलसाठी लागणारं माझं वाचन-लेखन त्यांनी आधी तपासलं होतं, त्याचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, आता तुमच्या रोजच्या दिवसाबद्दल सांगा. तेवढं म्हणून त्या थांबल्या, ओठ दाबून धरले आणि म्हणाल्या, नको, तुमचा दिवस मला माहीत आहे.

मी स्वयंसेवक शिक्षकाचं विचारलं. त्यांनी अतिशय सभ्यपणे सांगितलं, सध्या जागा नाही. इथं येणाऱ्यांना स्वतःबद्दल बोलायला शिकवायचं असतं, तेव्हा आधी काही दिवस तुम्ही वर्गात मागच्या बाकावर बसून बघा. चौतीस वर्षं मी लोकांना मागच्या बाकावर बसवलं. तिथून फळा कसा दिसतो ते मला या वयात कळलं.

सुमनताईंचं उत्तम चाललंय म्हणा. कोर्स झाला, किचनमध्ये लागल्या, आणि दर शुक्रवारी तिथले गोरे म्हातारे त्यांच्या हातचं पिठलं पुन्हा मागून खातात. आम्ही भेटलो की त्या सगळ्यांना सांगतात, सरांमुळे पास झाले. यातला शब्द न् शब्द खरा आहे, म्हणून मला काही बोलता येत नाही.

आणि खरी फजिती तर पुढे आहे. तुम्ही आपल्या लोकांना ओळखत नाही का? एकदा एखाद्या उत्तरानं कुणी पास झालं, की ते उत्तर महत्त्वाचं झालं. आठवड्याभरात निकमांनी सुमनताईंकडून ते पूर्ण उतरवून घेतलं आणि पार्टी रूममध्ये येरझाऱ्या घालत पुकारू लागले, सर गेट्स अप ॲट नाइन, मॅडम मेक्स टी. मंगलला तर पाठ करायचीही गरज नव्हती. पुढच्या महिन्यात दोघं पास. तिथून ते फोनवर फोन करत ब्रॅम्पटनला गेलं, मिल्टनला गेलं. कॅरलबाईंनी ते किती तोंडांतून ऐकलं असेल ते त्याच जाणोत. मी मागच्या बाकावर जायला लागल्यावर एकदा त्या पॅसेजमध्ये भेटल्या, तेव्हा घड्याळ बघून म्हणाल्या, आज लवकर उठलात.

परवा दुपारी मी नुकता झोपून उठलो होतो, तर फोन वाजला. निकमांची मेहुणी, ब्रॅम्पटनहून. बाईंना मी कधी पाहिलेलं नाही. त्यांची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. म्हणाल्या, सर, तुम्हाला त्रास देते, पण उत्तराच्या कागदावर खाली चहा सांडलाय आणि 'देन सर स्लीप्स'च्या पुढचं पुसलं गेलंय. दुपारी झोपून उठल्यावर सर काय करतात?

मी खिडकीबाहेर बघितलं. एक विमान उतरत होतं. बराच विचार केला. एखादं बरं वाक्य घालावं, वाचतात म्हणावं, फिरायला जातात म्हणावं. पण बाईंची परीक्षा होती हो, आणि मला आता पुन्हा कुणाचं नुकसान करायचं नव्हतं.

म्हटलं, लिहून घ्या, सावकाश सांगतो. ही डझ नथिंग. पूर्णविराम.